बॉनचे लिंकनवाले

दत्तोपंत फणसळकर आणि अब्राहम लिंकन यांची गाठ पडली नाही ती केवळ तारखा जुळल्या नाहीत म्हणून. लिंकन गेला, त्यानंतर साठेक वर्षांनी दत्तोपंत मिरजेला जन्मले. एवढी एक अडचण सोडली तर दोघांत परकेपणा असा नव्हताच. बॉनच्या बाजारात बटाटे निवडता निवडता ते शेजारच्या माणसाला सांगत, "काल मंत्रिमंडळाची बैठक फारच चिघळली हो." ऐकणारा नवखा असला तर त्याला वाटायचं, गृहस्थ सरकारात वरच्या जागेवर दिसतात. पुढच्या वाक्यात शंभर वर्षांपूर्वीचं वॉशिंग्टन निघालं की तो बिचारा कांद्यांकडे वळायचा.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा अभ्यास करायला माणूस जर्मनीत कशाला येतो, हे त्यांना प्रत्येक जण एकदा तरी विचारी. खरं उत्तर असं, की अमेरिकेतल्या विद्यापीठांनी नकार कळवला होता आणि जर्मनांनी शिष्यवृत्ती दिली होती. पण दत्तोपंत उत्तरादाखल प्रोफेसर केसेनिखांची तलवार सांगत. केसेनिखांचे एक चुलत पणजोबा १८४८ सालचं जर्मनीतलं बंड फसल्यावर अमेरिकेला पळाले, आणि पुढे उत्तरेच्या फौजेत शिरून गुलामांच्या मालकांशी लढले. त्यांची तलवार प्रोफेसरांच्या अभ्यासिकेत भिंतीवर होती. पहिल्याच भेटीत प्रोफेसरांनी ती दत्तोपंतांच्या हातात दिली, दत्तोपंतांनी ती उलटी धरली, आणि गुरुशिष्यांचं नातं कायमचं जुळलं.

हे साल १९५६. प्रबंधाचा विषय होता युद्धकाळातलं लिंकनचं नेतृत्व. त्यातही दत्तोपंतांचा जीव एकाच गोष्टीवर जडला होता. लिंकन निवडून आला आणि त्याने आपल्या प्रतिस्पर्ध्यांनाच मंत्री केलं. अध्यक्ष व्हायला हवं होतं ते आपण, हा खेडवळ वकील मध्येच कुठून उगवला, असं ज्यांना मनातून वाटत होतं ते सगळे त्याने आपल्या टेबलाभोवती बसवले, त्यांची कुरकुर ऐकली, टोमणे गिळले आणि त्यांच्याकडून युद्धाची कामं करून घेतली. "मत्सर म्हणजे काय, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं," असं दत्तोपंत भेटेल त्याला सांगत.

मौज अशी, की हेच वाक्य दुसऱ्या कोणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. लिंकनबद्दल बोलायचं ते त्यांनी. बाड हॉम्बुर्गचे एक डॉक्टर गणपतीला बॉनला आले आणि भाषणात 'लिंकनसारखा साधेपणा' असं काहीसं बोलून गेले, तर दत्तोपंत सबंध आरती तोंड मिटून उभे. गार्चिंगच्या अणुभट्टीवर संशोधन करणारा एक मुलगा जेवताना म्हणाला, "लिंकन म्हणजे तो नाटक बघताना गोळी लागलेला ना?" त्या मुलाच्या पानावरून तुपाची वाटी पुढे गेली आणि परत फिरली नाही. माणसं बायकोवरून जळतात, शेताच्या बांधावरून जळतात, खुर्चीवरून तर जळतातच. दत्तोपंत एका परलोकवासी अमेरिकन अध्यक्षावरून जळत. बॉनमधल्या आम्हां मूठभर मराठी मंडळींत त्यांचं नाव पडलं 'लिंकनवाले', जसं कुणाचं चक्कीवाले पडतं, आणि त्यांना ते पदवीपेक्षा आवडे. पदवी अर्थात अजून मिळायची होती.

सुधावहिनी लग्न करून १९५९ साली बॉनला आल्या. आल्या त्या संध्याकाळी नवऱ्याने त्यांना ऱ्हाईनच्या काठी फिरायला नेलं. पलीकडे टेकड्या, पाण्यावर दिवे, नवी नवरी, आणि दत्तोपंत सांगत होते, परराष्ट्रमंत्र्याचं आणि अर्थमंत्र्याचं का पटत नव्हतं. वहिनींना घरी पोचेपर्यंत वाटत होतं की हे दोघे फणसळकरांकडचे कोणी रागीट काका असावेत. खोलीत टेबलावर लिंकनचा फोटो होता. वहिनी त्याला 'माझी दाढीवाली सवत' म्हणत. "मी माहेरी गेले तर ह्यांना चार दिवसांनी कळेल. तिच्यावर धूळ बसलेली मात्र लगेच दिसते," असं त्या पाहुण्यांसमोर सांगत, आणि दत्तोपंत कौतुक झाल्यासारखे हसत.

प्रबंध मात्र शेवटच्या प्रकरणाशी येऊन थांबला होता. प्रोफेसर केसेनिख ते वाचत, पाइप झाडत आणि म्हणत, "सगळं आहे, हेर फणसळकर. पण काहीतरी नाही." ('हेर' म्हणजे जर्मनांचं 'श्रीयुत'.) दत्तोपंत ते प्रकरण पुन्हा लिहीत. सकाळी एका कचेरीत भाषांतराचं अर्धवेळ काम आणि दुपारनंतर शेवटचं प्रकरण, असा संसार चालला होता. अशात १९६३ साल जवळ आलं. गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याला शंभर वर्षं होत होती. विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात, कार्निव्हलचा, म्हणजे तिथल्या शिमग्याचा, धुरळा खाली बसल्यावर, मार्चच्या सुरुवातीला एक जाहीर संध्याकाळ करायची असं प्रोफेसरांनी ठरवलं. गावातले प्रतिष्ठित येणार, वर्तमानपत्रवाले येणार. वक्ता अजून जाहीर व्हायचा होता. पण तो कोण हे सगळ्यांना, म्हणजे दत्तोपंतांना, माहीत होतं. त्यांनी गर्द निळा रेशमी टाय घेऊन ठेवला.

आणि आत्माराम गजभिये आला.

आत्माराम नागपूरजवळच्या कामठीचा. आखेनला इंजिनिअरिंग शिकायचं, त्याआधी वर्षभर कारखान्यात हाताने काम करायचं अशी इथली रीत, म्हणून तो बॉनसमोर नदीपलीकडच्या बॉयेलला एका यंत्रांच्या कारखान्यात लागला होता. जर्मन तो लेथवरच्या कामगारांकडून शिकला, त्यांच्याच गावठी ढंगात. त्यामुळे तो बोलायला लागला की बेकरीतल्या बायका खुशीने लाल व्हायच्या आणि दत्तोपंत पावांकडे बघत राहायचे. रविवारी तो फणसळकरांकडे जेवायला येई. पहिल्याच रविवारी आमटीचा भुरका मारून म्हणाला, "वहिनी, छान झाली जी. तिखट मागून घालणार होता का?" दुसरी कोणी असती तर रुसली असती. वहिनींनी पुढच्या रविवारपासून दोन पातेली चढवली.

दत्तोपंतांनाही तो आवडला, कारण तो ऐकायचा. इतर मंडळी मंत्रिमंडळ सुरू झालं की कोट शोधत. हा भात कालवत ऐके, मान हलवी, मध्येच "मग त्या अर्थमंत्र्याला हाकललं का नाही?" असं विचारी. दत्तोपंतांना इतका चांगला श्रोता सात वर्षांत मिळाला नव्हता.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी प्रोफेसर केसेनिख फणसळकरांकडे जेवायला आले होते. बायको वारल्यापासून ते सणाला एकटे असत. आत्मारामही होता. दत्तोपंतांनी, पाहुणे दोन आणि पुरणपोळ्या भरपूर असा योग पाहून, जाहीरनाम्याची कथा काढली. अठराशे बासष्टच्या जुलैमध्ये लिंकनने मसुदा मंत्र्यांना कसा वाचून दाखवला. परराष्ट्रमंत्री कसा म्हणाला, आपण लढाया हरतोय, आत्ता हे जाहीर केलं तर बुडत्याची धडपड दिसेल, एखादा विजय मिळू द्या. लिंकनने तो कागद कसा बाजूला ठेवला, विजयाची वाट पाहिली, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, सकाळभर लोकांशी हस्तांदोलन करून थरथरणाऱ्या हाताने सही कशी केली. जुलै ते जानेवारी, केवढा संयम.

आत्माराम पोळी मोडत म्हणाला, "आणि कागद पडून होता तोवर ते लोक काय करत होते?"

"कोण लोक?" दत्तोपंत म्हणाले.

"ज्यांच्यासाठी कागद होता ते."

दत्तोपंत जरा गडबडले. मग म्हणाले, तसं आहे काही काही. अठराशे एकसष्ट सालीच, युद्धाला नुकतं तोंड फुटलं असताना, व्हर्जिनियात तीन गुलाम रात्री होडीत बसून उत्तरेच्या किल्ल्यावर आले. मालकाचा माणूस त्यांना मागायला आला, तर तिथला सेनापती म्हणाला, शत्रूचा माल युद्धात हाती लागला तर परत देत नसतात. मग हजारो लोक तसे येऊ लागले. "मी दिलंय ते," दत्तोपंत म्हणाले. "तळटिपेत."

आत्माराम मोकळेपणी हसला. "बरोबर आहे जी. आम्ही पण तिथंच असतो."

हे सगळं बोलणं प्रोफेसरांसाठी जर्मनमध्ये चाललं होतं, 'जी' तेवढा मराठी. केसेनिखांनी काटा खाली ठेवला. त्यांनी आत्मारामला तो कुठला, घरचं कोण, असं विचारलं. आत्मारामने सांगितलं. बापाला शाळेत वर्गाबाहेर पायरीवर बसवत. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धर्म घेतला, तेव्हा तो आईबापांबरोबर त्या मैदानावर उभा होता. कुणी कागद घेऊन घरी आलं नव्हतं, चालत गेलो होतो, एवढंच तो म्हणाला आणि दुसरी पोळी घेतली. प्रोफेसरांनी जानेवारीच्या सेमिनारला त्याला बोलावलं. थोडा वेळच बोला, म्हणाले, पण हे बोला.

संध्याकाळी भांडी पुसताना दत्तोपंत म्हणाले, "तळटीप माझी आहे."

"मग?" वहिनी म्हणाल्या.

"मी ती कधीच लिहून ठेवलीय. त्याच्या आधी."

"मग मोठी का नाही केलीत?"

दत्तोपंतांनी एकच ताटली पुन्हा पुन्हा पुसली. बायको इतिहासाची विद्यार्थिनी नव्हती, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच फार जाणवलं.

इथे जर्मन विद्यापीठांतली एक चाल सांगायला हवी. तिथल्या वर्गात टाळ्या वाजवत नाहीत. व्याख्यान आवडलं की मुठीच्या पेरांनी बाकावर ठोकतात. दत्तोपंत या टकटकीचे मोठे जाणकार होते. नुसती शिष्टाचाराची असते ती न्हाणीघरात कोणी आहे का हे बघायला दार वाजवावं तशी. मनापासूनची असते ती सुतारकाम निघाल्यासारखी. दत्तोपंतांना आजवर न्हाणीघरवालीच मिळाली होती. शिवाय जर्मन माणूस ठोकताना हसत नाही. तो जितका खूश तितका त्याचा चेहरा गंभीर, जणू हप्ता भरतोय.

आत्मारामला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या कारखान्यात व्याख्यानं होत नसत. त्याला ठाऊक होती ती आपल्याकडची बाकं. आपल्या कॉलेजांत वक्त्याला खाली बसवायचं असलं की बाकं वाजतात.

जानेवारीत एवढी थंडी पडली की ऱ्हाईनमधून बर्फाचे तुकडे वाहत होते. सेमिनारमध्ये पाहुणा म्हणून आत्माराम आधी उभा राहिला. लेथवरच्या जर्मनमध्ये बोलला. तीन माणसं, एक होडी, काळोख. पकडले गेले असते तर काय झालं असतं ते सांगितलं. पलीकडे गेल्यावर कोणी आत घेईल याची खात्री नव्हती हे सांगितलं. मग म्हणाला, "लिंकनने सही केली, चांगलं केलं. पण कागद नंतर आला. पाय आधी आले." आणि श्वास घ्यायला थांबला. त्याला आणखी एक मुद्दा सांगायचा होता.

खोलीला वाटलं, संपलं. सगळी बाकं एकदम कडाडली. सुतारकामच निघालं, आणि चेहरे सगळे दगडासारखे. आत्माराम लाल झाला, मग पांढरा. त्याने हातातला कागद घडी केला आणि दाराबाहेर गेला. लोकांना वाटलं, दुसऱ्या पाळीला जायचं असेल. मागून दत्तोपंतांनी आपल्या शेवटच्या प्रकरणातलं काही वाचलं. न्हाणीघर.

दुसऱ्या रविवारी आत्माराम आला तो उसनं नेलेलं पुस्तक परत करायला. वहिनींना स्वयंपाकघरात सांगून मोकळा झाला, की तोंडातलं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळ्यांनी टेबलं बडवून मला खाली बसवलं. जेवायला थांबला नाही. निघताना दारात दत्तोपंतांना म्हणाला, "इतकं वाईट बोललो का जी मी?"

मनात आणलं असतं तर दत्तोपंतांना एका वाक्यात सांगता आलं असतं. ते वाक्य त्यांच्या जिभेपर्यंत आलं. पण त्याच्या आधी त्यांच्या कानात ती बाकं कडाडली.

"होतं असं कधी कधी," दत्तोपंत म्हणाले.

बघा, यातला एकही शब्द खोटा नाही. इतिहास संशोधक शब्दाला जपतो.

आत्माराम म्हणाला, यापुढे ह्या लोकांसमोर मी तोंड उघडणार नाही. गेला. त्याच आठवड्यात प्रोफेसरांनी दत्तोपंतांना बोलावून सांगितलं, मोठ्या सभेत तुमच्या मित्रानेच बोलावं. दत्तोपंत म्हणाले, "त्याची इच्छा दिसत नाही." हेही खरं होतं. केसेनिख म्हणाले, "बरं, मग तुम्ही बोला."

सात वर्षं ज्या निमंत्रणाची वाट पाहिली ते आलं, आणि त्यात हे 'मग'. दत्तोपंत ते 'मग' घेऊन घरी आले. रस्त्यात, जेवताना, कचेरीत ते त्यांना टोचत होतं. नवऱ्याला सभा मिळाली म्हणून वहिनींनी शिरा केला. शिऱ्यातही त्यांना ते लागलं. आणि तरी सांगतो, त्यांना आनंद झाला होता. मत्सरी माणसाचा आनंद हा असा असतो, पायात खडा घालून घोड्यावर बसल्यासारखा.

आत्माराम रविवारी येईनासा झाला. वहिनींना बाजारात कोणीतरी सांगितलं, की त्याने आखेनचा अर्जच भरला नाही, कारखान्याचं वर्ष संपलं की परत कामठीला जातो म्हणतोय. वहिनींनी हे घरी सांगितलं. दत्तोपंत म्हणाले, घरची आठवण येत असेल. एवढं बोलून ते लिंकनकडे वळले. फोटोतला माणूस नेहमीसारखाच बघत होता, पण दत्तोपंतांनी तो जरा भिंतीकडे वळवून ठेवला.

कार्निव्हल सुरू होतो तो गुरुवार आला. ऱ्हाईनकाठी हा दिवस बायकांचा. त्या दिवशी गावावर राज्य त्यांचं, आणि रस्त्यात जो पुरुष सापडेल त्याचा टाय कात्रीने कापायचा. या प्रथेत बॉयेलच्या बायका सगळ्यांत पुढे, कारण तिथल्या धोबिणींनीच ती सुरू केली असं त्या सांगतात. कचेरीला सुट्टी होती. दत्तोपंत सकाळपासून नवा निळा टाय लावून कपाटाच्या आरशासमोर भाषण म्हणत होते. वहिनी कणीक मळत ऐकत होत्या.

"मत्सर म्हणजे काय, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं," दत्तोपंत आरशाला म्हणाले, आणि थांबले. बराच वेळ थांबले.

"विसरलात?" वहिनी म्हणाल्या.

"नाही. इथे टकटक होईल. ती संपेपर्यंत थांबायचं."

"टकटक कसली?"

दत्तोपंत तालमीच्या भरात होते. त्यांनी उत्साहाने सगळं सांगितलं, बाकं, पेरं, न्हाणीघरवाली, सुतारवाली. कपाटाच्या दारावर वाजवूनही दाखवलं. सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मागे कणकेचा आवाज थांबलाय.

"मग आत्मारामला वाजवलं ते काय होतं?" वहिनी म्हणाल्या.

दत्तोपंत आरशातच बघत राहिले. आरशात दोघंही दिसत होती.

"सुतारवाली," ते म्हणाले.

सुधावहिनी चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कणकेवर ताट झाकलं, हात धुतले आणि कोट चढवला. "तुम्ही येताय की मी एकटीच सांगू?" एवढंच विचारलं.

दोघं पुलावरून निघाली. खाली बर्फ वाहत होतं. पलीकडे बॉयेलमध्ये पाय ठेवला आणि चार धष्टपुष्ट बायकांनी, गालांवर लाल टिकल्या लावून, दत्तोपंतांना घेरलं. त्यांनी दोन्ही हातांनी टाय धरला. आपण कशासाठी निघालोय, हा दिवस कोणता, हे त्यांच्या डोक्यात राहिलंच नव्हतं. त्यांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "कापा." मराठीत म्हणाल्या, पण बॉयेलच्या बायकांना कळलं.

कामगारांच्या वसतिगृहात शुकशुकाट होता, सगळे कार्निव्हलला गेले होते. आत्माराम शेगडीवर अंडी उकडत होता. दारात दत्तोपंत, गळ्याखाली चार बोटं टाय, हे बघून तो इतका हसला की त्याला धरून बसावं लागलं. दत्तोपंत त्याचं हसणं संपायची वाट बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ती टाळी असते."

"कोणती?"

"टेबलं वाजवतात ती. इथे टाळ्या वाजवत नाहीत, तसं ठोकतात. तुला फार जोरात ठोकलं. मला तसं कधीच नाही."

आत्माराम म्हणाला, "हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मी दारात विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"काऊन पण?"

दत्तोपंतांना सेनापतींच्या चुकांची कारणं पानंच्या पानं देता येत. आपल्या चुकीला त्यांना एवढंच सुचलं: "ते भाषण मला करायचं होतं. आणि तू माझ्यापेक्षा चांगला बोललास."

शेगडीवर पाणी उकळत होतं. आत्माराम म्हणाला, "माझा बाप पायरीवर बसायचा तिथला मास्तर काही वाईट माणूस नव्हता म्हणे. एकदा बापानं विचारलं, गुरुजी, मला आत का नाही घेत? तर मास्तर म्हणाला, असं असतं बाबा." तो थांबला. "तुम्ही मास्तरांपेक्षा जास्त शिकलात जी."

यावर वहिनी नेहमीसारख्या नवऱ्याच्या मदतीला धावल्या नाहीत. आत्मारामने शेगडी विझवली. खोलीत खुर्ची एकच होती, ती त्याने वहिनींना दिली आणि त्या जेवल्या आहेत का हे विचारलं. दत्तोपंतांना बसा म्हणाला नाही. ते कपाटाला टेकून उभे राहिले. तिघांत दोन अंडी झाली, दोघांनी खाल्ली.

मग आत्मारामने विचारलं, सभा कधी आहे. दत्तोपंतांनी सांगितलं. "मी बोलीन," तो म्हणाला. "तुमची पुस्तकं आणून द्या. सगळी. आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं."

दत्तोपंतांनी प्रोफेसरांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे टायसुद्धा. केसेनिख बराच वेळ पाइप शोधत राहिले, तो त्यांच्या तोंडातच होता. पुस्तकं दत्तोपंतांनी हातगाडीवर घालून नदीपार नेली आणि कोणत्या पानावर काय आहे ते आत्मारामच्या खोलीत उभ्याने दाखवलं. तिसऱ्या दिवशी आत्माराम म्हणाला, "बसा." दत्तोपंत बसले.

सभेला गर्दी झाली. दत्तोपंत पहिल्या रांगेत, जुना टाय लावून, शेजारी वहिनी. आत्माराम तीन माणसांबद्दल बोलला, होडीबद्दल बोलला, निळा गणवेश घालून लढलेल्या लाखांवर काळ्या शिपायांबद्दल बोलला. दत्तोपंत मनातल्या मनात तारखा तपासत होते. सही संध्याकाळी झाली असं तो म्हणाला तेव्हा त्यांनी वहिनींच्या कानात सांगितलं, "दुपारी." आणि जरा बरं वाटलं त्यांना.

मग आत्माराम लिंकनकडे वळला. दत्तोपंत सावरून बसले, घरच्या माणसाची चौकशी निघाल्यासारखे. आत्माराम म्हणाला, हा माणूस सुरुवातीला फार हळू चालत होता. होडीतले लोक त्याला ढकलत होते, आणि त्याने ढकलू दिलं. आपल्यामागून येणारा आपल्यापेक्षा पुढचं बघतोय, हे ज्याला सोसतं, तो युद्धातसुद्धा नेता होऊ शकतो.

दत्तोपंतांना एकदम कळलं. हेच. शेवटच्या प्रकरणात सात वर्षं नव्हतं ते हेच. लिंकन त्यांचा, पुस्तकं त्यांची, तळटीप त्यांची, आणि वाक्य मात्र कामठीच्या ह्या मुलाच्या तोंडात, तेही लेथवरच्या जर्मनमध्ये. त्यांना इतका हेवा आजवर कोणाचा वाटला नव्हता.

आत्माराम थांबला. या वेळी खरंच संपलं होतं. तो पहिल्या रांगेकडे बघत होता. सभागृह क्षणभर गप्प राहिलं, सभ्य लोक दुसऱ्या कोणीतरी सुरू करायची वाट बघतात तसं. दत्तोपंतांनी मूठ वळली आणि समोरच्या फळीवर ठोकायला सुरुवात केली. काही वेळ ते एकटेच ठोकत होते. मग मागून सबंध सभागृह आलं.

आखेनचा अर्ज आत्मारामने त्याच महिन्यात भरला. दत्तोपंतांचा प्रबंध पुढच्या वर्षी पुरा झाला, शेवटच्या प्रकरणात आत्मारामचं ते वाक्य, त्याच्या नावानिशी. पण त्या रात्रीचं सांगायचं तर, सभा सुटल्यावर नवरा-बायको चालत घरी निघाली. थंडी कमी झाली होती. दत्तोपंत सुजलेली पेरं चोळत होते.

"चांगला बोलला ना?" वहिनींनी विचारलं.

"फार चांगला बोलला."

"मग तोंड असं का?"

दत्तोपंतांनी पेरांवर फुंकर घातली. मग म्हणाले, "चांगलं बोलावं गं. पण इतकं चांगलं बोलायची काही गरज होती का?"

वहिनींनी त्यांचा हात आपल्या कोटाच्या खिशात घालून घेतला.